ऱ्हिडमुइनचं गुपित: एका वेल्श दरीचा प्रकरण अभ्यास

वेल्समधल्या आडगावाची गोष्ट कशी सुरू होणार, हे आता वाचकाला तोंडपाठ झालंय. पाऊस. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना दगडी गडगे, फोनची रेंज गेलेली. परका माणूस पबचं दार ढकलून आत येतो आणि आतली कुजबुज जागच्या जागी थांबते. कोपऱ्यातला म्हातारा वेल्शमध्ये काहीतरी पुटपुटतो. शेवटच्या प्रकरणात कळतं की अख्ख्या गावाने पिढ्यानपिढ्या काहीतरी भयंकर दडवून ठेवलं होतं. आपल्याकडे हीच भूमिका कोकणाच्या वाट्याला आलीय. कोकणात राहणारी माणसं अशा गोष्टी वाचून हसतात. वेल्समधलीही हसत असावीत.

मला या साच्यात एक गोष्ट कायम खटकते. मोठं गुपित आडगावात मावेलच कसं? मोठं गुपित म्हणजे मोठा पसारा. त्याला कच्चा माल लागतो, पाणी लागतं, शेकडो हात लागतात, त्या हातांना रोज ने-आण करायला बस लागतात. एखादं प्रेत विहिरीत टाकून गाव गप्प बसू शकतं. हजारो टन विष दडवायचं तर दारात मालगाडीचा रूळ हवा.

म्हणून वेल्समधलंच एक खरं गाव घेतो. ऱ्हिडमुइन. ईशान्य वेल्समध्ये, फ्लिंटशर परगण्यात, मोल्ड या बाजारगावापासून चार-पाच किलोमीटरवर. दुसऱ्या महायुद्धात या गावाला लागून असलेल्या दरीत, एकाच कुंपणाच्या आत, दोन गुपितं नांदत होती. एक होतं मस्टर्ड गॅसचं. दुसरं अणुबॉम्बचं. आणि गाव दुर्गम वगैरे अजिबात नव्हतं. गावाला स्वतःचं रेल्वे स्टेशन होतं, चेस्टरहून मोल्डमार्गे डेन्बीला जाणारी गाडी तिथे थांबायची. लिव्हरपूलसारखं महानगर तासाभराच्या अंतरावर.

आधी गाव. वेल्शमध्ये 'ऱ्हिड' म्हणजे नदी पायी ओलांडायची जागा, आपण ज्याला उतार म्हणतो ती. 'मुइन' म्हणजे खनिज. खनिजाचा उतार. या डोंगरांमध्ये शिसं सापडायचं आणि शतकानुशतकं ते खणलं गेलं. गंमत म्हणजे याच 'मुइन' शब्दाचा वेल्शमध्ये दुसरा अर्थ आहे: मृदू, सौम्य. आलिन नावाची लहानशी नदी इथून वाहते. डोंगर चुनखडीचा असल्यामुळे उन्हाळ्यात ही नदी पात्रातल्या भोकांमधून जमिनीखाली जाते आणि काही अंतरावर कोरडे दगड तेवढे दिसतात. खाणींच्या यंत्रांना पाणी हवं म्हणून जॉन टेलर या खाण अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात नदीकाठाने एक पाट काढला होता. त्या पाटाच्या कडेची पायवाट आजही लोक फिरायला वापरतात.

या टेलरच्या घरी १८२९ साली एक वीस वर्षांचा जर्मन पाहुणा येऊन राहिला होता: फेलिक्स मेंडेलसोन. टेलरच्या तीन मुलींसाठी त्याने पियानोच्या तीन छोट्या रचना लिहिल्या. त्यातली एक इथल्या ओढ्यावरून सुचली असं सांगतात. ऱ्हिडमुइनची प्रसिद्धी इतकीच होती. खाणी, एक ओतशाळा, आणि कधीकाळी येऊन गेलेला एक संगीतकार.

मग १९३९ उजाडलं.

मस्टर्ड गॅसबद्दल पहिला गैरसमज त्याच्या नावातच आहे. तो वायू नाही. साध्या तपमानाला तो तेलासारखा द्रव असतो आणि १४ अंशांच्या आसपास गोठतो. अशुद्ध मालाला मोहरीसारखा किंवा लसणासारखा वास येतो, म्हणून हे नाव. जुलै १९१७ मध्ये जर्मन सैन्याने बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळ तो पहिल्यांदा वापरला. त्याआधीचे विषारी वायू नाकातोंडावाटे मारत, मास्क लावला की बऱ्यापैकी बचाव व्हायचा. हा कातडीतून शिरतो. कपड्यांतून, बुटाच्या चामड्यातून. त्याची खरी भीषणता मात्र त्याच्या संथपणात आहे. थेंब अंगावर पडला तर त्या क्षणी काहीच होत नाही. आग नाही, चुरचूर नाही. माणूस काम संपवतो, डबा खातो, घरी जातो. चार तासांनी, कधी बारा तासांनी कातडी लाल होते, मग पिवळट पाण्याने भरलेले टपोरे फोड येतात. डोळ्यांना लागला असेल तर पापण्या सुजून मिटतात आणि माणूस काही दिवस आंधळा होतो. श्वासात गेला असेल तर घशाचं आणि श्वासनळीचं अस्तर सोलवटून निघतं. उतारा तेव्हाही नव्हता, आजही नाही.

१९२५ च्या जिनिव्हा करारात विषारी वायू युद्धात वापरायला बंदी घातली गेली. वापरायला. बनवायला नाही, साठवायलाही नाही. ब्रिटनने १९३० मध्ये करार मान्य केला तोही 'समोरच्याने वापरला तर आमचे हात मोकळे' अशी अट घालून. आपल्याकडे कायद्याच्या भाषेत जिला पळवाट म्हणतात, ती इथे राजमार्गाएवढी रुंद होती. आणि हिटलरकडे हा साठा असणार, हे सगळेच गृहीत धरून होते.

१९३० च्या दशकाच्या अखेरीस इम्पिरियल केमिकल इंडस्ट्रीज, म्हणजे आयसीआय, ही कंपनी सरकारसाठी वायव्य इंग्लंडमधल्या रनकॉर्नजवळच्या रँडल इथे मस्टर्ड बनवू लागली होती. पण रँडल मर्सी नदीच्या मुखाशी, उघड्यावर. बॉम्बफेकी विमानाला यापेक्षा सोपी निशाणी नको. शिवाय बनवलेला माल ठेवायचा कुठे? त्यासाठी जी जागा हवी होती तिच्या अटी वाचल्या की ऱ्हिडमुइनच का, हे आपोआप कळतं. जर्मनीपासून शक्य तितकी पश्चिमेला. दोन्ही बाजूंनी चढाच्या डोंगरांनी वेढलेली अरुंद दरी, म्हणजे वरून टिपणं अवघड. बोगदे खणता येतील असा चुनखडीचा डोंगर. बारमाही पाणी. दारात रेल्वे. रँडल जवळ. आणि खाणीच्या कामाला सरावलेली, युद्धापूर्वीच्या मंदीत कामाला मोताद झालेली माणसं. यातली एकही अट 'दूर' असण्याची नाही. सगळ्या अटी सोयीच्या आहेत.

सरकारी कागदांत जागेचं नाव पडलं 'पुरवठा मंत्रालय कारखाना, व्हॅली'. नुसतं व्हॅली. वेल्समध्ये दरी शोधायला गेलात तर प्रत्येक वळणावर एक सापडेल. आयसीआयने मंत्रालयाच्या वतीने बांधकाम केलं आणि कारखाना चालवलाही. जवळपास ३५ हेक्टरांच्या पट्ट्यात शंभरावर इमारती उभ्या राहिल्या. डोंगराच्या पोटात साठवणीचे लांबलचक बोगदे खोदले गेले. आलिन नदी मध्ये येत होती, तिला सिमेंटच्या पाटात आणि पुढे जमिनीखालच्या मोरीत कोंबण्यात आलं. कारखान्यात मस्टर्डचे दोन प्रकार बनत. त्यातला 'रनकॉल' नावाचा प्रकार अशा बेताने बनवला होता की तो कमी तपमानालाही गोठू नये, कारण उंचावरून उडणाऱ्या विमानातल्या बॉम्बमध्ये गोठलेलं विष काही कामाचं नसतं. तोफगोळे आणि बॉम्ब भरायचं कामही इथेच चाले.

भरात असताना दोन हजारांवर माणसं इथे कामाला होती, आणि त्यांत बायका पुष्कळ होत्या. आता प्रश्न असा की दोन हजार माणसं रोज जिथे जातात ते गुपित कसलं?

मला वाटतं, या प्रकरणातली शिकण्यासारखी गोष्ट इथे आहे. आपण समजतो की गुपित म्हणजे कुणालाच माहीत नसलेली गोष्ट. ऱ्हिडमुइनमध्ये कारखाना होता हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. कुंपण दिसत होतं, धुराडं दिसत होतं, बस येत-जात होत्या. आत काहीतरी घातक आहे हेही कळतच असणार. संरक्षक कपडे घालून काम करणाऱ्या बाईला आपण साबण बनवत नाही हे कळायला विज्ञानाची पदवी लागत नाही. पण टाक्यांच्या खोलीतल्या माणसाला भरणीच्या शेडमध्ये काय चालतं ते माहीत नव्हतं, भरणीतल्या बाईला बोगद्यात किती माल आहे याचा पत्ता नव्हता, आणि रुळांवर डबे जोडणाऱ्याला फक्त डब्यांचे आकडे ठाऊक होते. प्रत्येकाकडे एकेक तुकडा. बेरीज फक्त लंडनमध्ये व्हायची.

यावर कायद्याचं कुलूप होतं, १९११ च्या ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टचं. (आपल्याकडे १९२३ चा शासकीय गुपिते कायदा अजून लागू आहे, तो याच घराण्यातला.) पण नुसत्या कायद्याने दोन हजार तोंडं बंद राहत नाहीत. युद्ध चालू होतं, भाऊ-नवरा आघाडीवर होता, हातात नियमित पगार येत होता. आणि चौकशी करणं हे वाईट वागणं समजलं जात होतं. खडकीला किंवा वरणगावला दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत वाढलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. 'बाबा कुठे जातात?' 'फॅक्टरीत.' विषय संपला.

आता त्याच कुंपणातलं दुसरं गुपित. हे समजायला थोडं ऑक्सफर्डला जावं लागेल.

मार्च १९४० मध्ये ऑटो फ्रिश आणि रुडॉल्फ पायर्ल्स या दोन निर्वासित शास्त्रज्ञांनी एक छोटं टिपण लिहिलं. युरेनियम-२३५ वेगळं काढता आलं तर काही किलोंमध्ये एक शहर उडवणारा बॉम्ब होईल, असा त्याचा मथितार्थ. अडचण 'वेगळं काढता आलं तर' मध्ये होती. निसर्गातल्या युरेनियममध्ये २३५ असतं जेमतेम ०.७ टक्के. उरलेलं २३८, आणि रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोघं जुळे भाऊ. फरक फक्त वजनाचा.

फ्रान्झ सायमन हा तिसरा निर्वासित तेव्हा ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रयोगशाळेत होता. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्यात लढून आयर्न क्रॉस हे शौर्यपदक मिळवलेला, आणि ज्यू म्हणून त्याच जर्मनीतून बाहेर पडावं लागलेला. तेव्हाची आणखी एक विसंगती: रडारसारख्या तातडीच्या कामांवर परदेशी जन्माच्या शास्त्रज्ञांना घेत नसत, म्हणून त्यांच्या वाट्याला ते काम आलं जे फार लांबचं आणि बेभरवशाचं समजलं जात होतं. ते म्हणजे अणुबॉम्ब.

सायमनची कल्पना गाळणीची होती. युरेनियमचा फ्लोरिनशी संयोग करून वायू बनवायचा आणि तो अतिसूक्ष्म भोकांच्या पडद्यातून जाऊ द्यायचा. हलके रेणू किंचित जास्त वेगाने फिरतात, म्हणून ते पडद्यापलीकडे किंचित जास्त पोचतील. किंचित म्हणजे किती? एका रेणूचं वजन ३४९, दुसऱ्याचं ३५२. एका पडद्यातून मिळणारा फायदा अर्ध्या टक्क्याहूनही कमी. म्हणून हीच क्रिया हजारो वेळा, एकापुढे एक. असा पडदा कुठे मिळणार? सायमनने घरच्या स्वयंपाकघरातली तारेच्या जाळीची गाळणी घेतली आणि हातोडीने ठोकून ठोकून तिची भोकं बारीक केली. तीच प्रयोगशाळेत नेऊन पहिला धडा गिरवला. अणुयुगाच्या इतिहासात मला सगळ्यात जवळचं वाटणारं दृश्य हे आहे: एक प्राध्यापक चहाच्या गाळणीवर हातोडी मारतोय.

१९४१ च्या उन्हाळ्यात सरकारी समितीने बॉम्ब शक्य आहे असा अहवाल दिला आणि काम एका नव्या खात्याकडे गेलं. खात्याचा प्रमुख आयसीआयचाच वॉलेस एकर्स, वर मंत्री सर जॉन अँडरसन. खात्याला नाव दिलं 'ट्यूब अलॉइज', म्हणजे नळ्यांचे मिश्रधातू. नाव मुद्दाम असं निवडलं होतं की ऐकणाऱ्याला खरं वाटावं आणि पुढे विचारावंसं वाटू नये. कुणी 'ऑपरेशन वज्रप्रहार' म्हटलं तर कान टवकारतात. नळ्यांच्या मिश्रधातूंवर गप्पा मारायला पबमध्ये कोण थांबणार?

गाळणीचं यंत्र आता मोठ्या प्रमाणावर बनवून चालवून बघायचं होतं. मँचेस्टरच्या मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स कंपनीला नमुना यंत्रं करायला सांगितली. आणि ती उभी करायला जागा? आधीच कुंपण घातलेली, आधीच पहारा असलेली, जिथल्या लोकांना आधीच न विचारायची सवय लागलेली आहे अशी. व्हॅली कारखान्यातली पी-६ नावाची एक मोठी इमारत रिकामी होती. १९४२ मध्ये ट्यूब अलॉइजची माणसं तिथे येऊन दाखल झाली.

हे मला विलक्षण वाटतं. एका गुपिताचं कुंपण दुसऱ्या गुपिताने वापरलं. मस्टर्डवाल्यांना पी-६ मध्ये काय चालतं ते कळायचं कारण नव्हतं, आणि बाहेर कुणाला शंका आलीच असती तर उत्तर तयार होतं: तिथे गॅस बनतो, हळू बोला. भयंकर गोष्टीआड तिच्याहून भयंकर गोष्ट लपली.

पी-६ मधलं काम फार पुढे गेलं नाही. युद्धात पिचलेल्या ब्रिटनला हजारो टप्प्यांचा कारखाना उभारणं परवडणारं नव्हतं. ऑगस्ट १९४३ मध्ये क्वेबेक इथे चर्चिल आणि रूझवेल्ट यांनी करार केला, ब्रिटिश शास्त्रज्ञ अमेरिकेला गेले, आणि वायू गाळण्याचा अवाढव्य कारखाना टेनेसीमधल्या ओक रिजला उभा राहिला. युद्धानंतर ब्रिटनने स्वतःचा कारखाना काढला तो चेशरमधल्या केपनहर्स्टला. ऱ्हिडमुइनहून गाडीने निघालात तर अर्ध्या-पाऊण तासात पोचाल.

आणि मस्टर्ड? ब्रिटनने ते युद्धात वापरलंच नाही. जून १९४० मध्ये जर्मन फौजा उतरल्या तर किनाऱ्यावर फवारायचं, असा विचार झाला होता. जुलै १९४४ मध्ये, लंडनवर व्ही-१ हे जर्मन उडते बॉम्ब पडू लागल्यावर, चर्चिलने जर्मनीवर गॅस वापरायची शक्यता सेनाप्रमुखांना तपासायला लावली. त्यांनी नको म्हटलं. १९४५ च्या वसंतात व्हॅलीतलं उत्पादन थांबलं. म्हणजे ही दरी, हे बोगदे, ही कोंबलेली नदी, ही दोन हजार माणसं, सगळं एका न घडलेल्या घटनेसाठी होतं. यावर युद्धनीतीचे अभ्यासक म्हणतील की साठा होता म्हणूनच घटना घडली नाही. असेल. ते सिद्धही करता येत नाही आणि खोडूनही काढता येत नाही, आणि असे युक्तिवाद शस्त्रखात्यांना फार आवडतात.

गुप्ततेची किंमत मात्र मोजली गेली, ऱ्हिडमुइनपासून फार लांब. २ डिसेंबर १९४३ च्या रात्री इटलीतल्या बारी बंदरावर जर्मन विमानांनी हल्ला केला. तिथे उभ्या असलेल्या 'जॉन हार्वी' या अमेरिकन जहाजात मस्टर्डचे २,००० बॉम्ब होते, तेही गुपित. जहाज उडालं, माल ठाऊक असलेले लोक त्याच्याबरोबर गेले, आणि विष पाण्यावरच्या तेलात मिसळलं. त्या तेलातून पोहत बाहेर आलेल्या खलाशांना नर्सनी ओल्या कपड्यांसकट ब्लँकेटमध्ये गुंडाळून ठेवलं. कपडे काढून अंघोळ घातली असती तर पुष्कळ जण वाचले असते, पण हे काय आहे ते कुणी सांगितलंच नव्हतं. स्टुअर्ट अलेक्झांडर या अमेरिकन लष्करी डॉक्टरने लक्षणांवरून निदान केलं. सहाशेवर बाधित, त्यात ८३ मृत्यू. हा आकडा फक्त सैनिक आणि खलाशांचा, शहरातल्या लोकांची मोजदाद झालीच नाही. ब्रिटिश कागदांत 'शत्रूच्या कारवाईने भाजले' असं लिहावं, अशी चर्चिलची सूचना होती.

आणि एक धागा थेट आपल्यापर्यंत येतो. १९३० च्या दशकापासून पुढची दहा-एक वर्षं ब्रिटनच्या पोर्टन डाउन या रासायनिक युद्ध केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी रावळपिंडीत हिंदी सैन्यातल्या शेकडो जवानांवर मस्टर्डचे प्रयोग केले. हिंदी कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त इजा होते का, हे त्यांना बघायचं होतं. जवानांना सुती शर्ट आणि अर्ध्या चड्डीवर गॅसच्या खोलीत पाठवलं जाई. काहींना गंभीर भाजून इस्पितळात पडावं लागलं. हे २००७ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या कागदांवरून वर्तमानपत्रांत आलं. त्या जवानांनी कागदांवर सह्या केल्या होत्या की नाही याने मला फरक पडत नाही. पलटणीतला शिपाई साहेबाला 'नको' म्हणू शकतो, असं मानणाऱ्याने पलटण पाहिलेली नाही.

स्वतंत्र भारताची पाटीही कोरी नाही, हे इथेच सांगून टाकतो. ऑगस्ट १९९२ मध्ये भारत आणि पाकिस्तानने दिल्लीत संयुक्त घोषणा केली की आम्ही रासायनिक शस्त्रं कधीही बनवणार नाही, बाळगणार नाही. पाच वर्षांनी, आंतरराष्ट्रीय करार लागू झाल्यावर, भारताने हजारावर टन मस्टर्ड असल्याचं जाहीर केलं. २००९ पर्यंत ते सगळं नष्ट केलं, हे मान्य करायला हवं. पण ते कुठल्या तरी गावाशेजारीच ठेवलेलं असणार, आणि त्या गावातही पोरांना 'फॅक्टरी' एवढंच सांगितलं जात असणार.

वेल्सकडे परत. युद्ध संपलं तरी ऱ्हिडमुइनचे बोगदे भरलेलेच राहिले. देशभरातला मस्टर्डचा बराचसा साठा तिथे १९५० च्या दशकाच्या शेवटापर्यंत होता. म्हणजे शांततेच्या काळातली तेरा-चौदा वर्षं गावाशेजारी, मुलांच्या शाळेच्या, रविवारच्या चॅपलच्या अंतरावर. ही माझ्या मते युद्धकाळापेक्षा जास्त वाईट गोष्ट आहे. युद्धात निदान कारण तरी होतं.

आणि ऱ्हिडमुइन एकटं नव्हतं. वायव्य वेल्समध्ये, कर्नार्वनजवळ, समुद्राला लागून लानडूरोग नावाचं खेडं आहे. तिथल्या विमानतळावर युद्धानंतर जर्मनीतून पकडून आणलेले टाबून या मज्जाघातक विषाचे ७१,००० बॉम्ब आणून ठेवले गेले. ठेवले कुठे, तर उघड्या धावपट्टीवर, रांगा लावून. आयरिश समुद्राचा खारा वारा, वेल्सचा पाऊस आणि लोखंडी कवचं. गंज चढायला किती वेळ लागणार? अखेर १९५५-५६ मध्ये हे बॉम्ब लँडिंग क्राफ्टने स्कॉटलंडमधल्या केर्नरायनला नेले, तिथे तीन जुन्या जहाजांत भरले आणि जहाजं बॉम्बसकट आयर्लंडच्या वायव्येला अटलांटिकमध्ये बुडवली. तेव्हा हा शहाणपणा समजला जाई. लानडूरोगची ती धावपट्टी आज कर्नार्वनचा छोटा विमानतळ आहे.

ऱ्हिडमुइनच्या बाबतीत सरकारने आणखी एक चमत्कारिक गोष्ट केली. विष गेल्यावर जागा तशीच ठेवली आणि शीतयुद्धात अन्नधान्याच्या राखीव साठ्यासाठी वापरली, ती थेट १९९४ पर्यंत. सरकारी खात्यांच्या दृष्टीने कोठार ते कोठार. आत काल काय होतं याच्याशी उद्याच्या साखरेचा संबंध नाही. गावची रेल्वे मात्र १९६२ मध्येच बंद झाली. ज्या रुळांमुळे ही दरी निवडली गेली होती, त्यांच्यावरची प्रवासी गाडी गेली आणि कुंपण राहिलं.

गोष्टींमधलं वेल्श गाव परक्यासमोर गप्प बसतं ते स्वतःचं पाप झाकायला. ऱ्हिडमुइन गप्प बसलं ते दुसऱ्याच्या सांगण्यावरून, आणि पुढे सवयीने. इथे काम केलेल्या कित्येक जणांनी घरच्यांनाही काही सांगितलं नाही आणि तसेच ते गेले. पी-६ मध्ये अणुबॉम्बचं काम झालं होतं हे तर अनेक गावकऱ्यांना कितीतरी दशकांनी, बाहेरच्या लोकांनी सांगितल्यावर कळलं. पबमधली कुजबुज थांबली असेलच, तर सांगण्यासारखं फार काही ठाऊक नव्हतं म्हणून.

२००३ पासून ही जागा निसर्ग राखीव क्षेत्र आहे. पी-६ अजून उभी आहे. बोगद्यांमध्ये वटवाघळं राहतात, त्यांतली लहान नालनाकी वटवाघळं दुर्मीळ म्हणून जपली जातात. पन्नास वर्षं माणसाला मज्जाव असल्यामुळे झाडझाडोरा बेफाम वाढला. आजही मनाला येईल तेव्हा आत जाता येत नाही, आधी परवानगी काढावी लागते. आलिन नदी एका बाजूने येते, काही अंतर सिमेंटमधून आणि जमिनीखालून काढते, आणि दुसऱ्या बाजूला गावाशी उजेडात येते.